कोडला तात्पर्य असतं का?

ब्लॉकचेनच्या जगात एक वाक्य मंत्रासारखं म्हटलं जातं : कोड हाच कायदा. आज ते आपण एका गुणाकारावर घासून पाहू.

एप्रिल २०१८. इथेरियमवरचं ब्युटीचेन, म्हणजे बीईसी नावाचं टोकन. त्याच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये एकाच वेळी अनेकांना टोकन पाठवायची सोय होती. हिशेब साधा : घेणारे किती, गुणिले प्रत्येकाला किती. पाठवणाऱ्याकडे तेवढी शिल्लक असेल तर पाठवायचं. हल्लेखोराने खाती दिली दोन, आणि प्रत्येकासाठी रक्कम दिली २ चा २५५वा घात. गुणाकार येतो २ चा २५६वा घात. पण तिथला पूर्णांक २५६ बिटांचा. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या याहून बरोबर १ ने कमी! जुन्या स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतो ना, तसंच झालं. उत्तर आलं शून्य. शून्य टोकन शिल्लक आहेत का? असणारच. पाठवणाऱ्याच्या खात्यातून शून्य वजा झालं आणि त्या दोन खात्यांत टोकनांचे डोंगर जमा झाले.

आता बघा, याच फंक्शनमधली बेरीज आणि वजाबाकी सेफमॅथ या तपासणी करणाऱ्या लायब्ररीतून केलेली होती. गुणाकार तेवढा उघडा राहिला.

मंत्र खरा मानला, तर इथे गैर काही घडलंच नाही. लिहिलं होतं तेच कोडने केलं. आपण ‘चूक’ म्हणतो तेव्हा कोडबाहेरचं काहीतरी प्रमाण मानतो : लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं. नैयायिक याला तात्पर्य म्हणतात. त्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे : ‘सैंधव आण.’ जेवताना म्हटलं तर मीठ, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. पान वाढलंय की खोगीर चढवलंय, हे कॉन्ट्रॅक्टला कसं कळणार?

कुणी म्हणेल, सर, हे जुनं झालं. बरोबर. डिसेंबर २०२० मध्ये सॉलिडिटीची ०.८.० आवृत्ती आली. तेव्हापासून बेरीज, वजाबाकी, गुणाकार मर्यादेबाहेर गेला की व्यवहारच रद्द होतो. लिहिणाऱ्याने मुद्दाम ‘अनचेक्ड’ लिहिलं तरच ही तपासणी बंद. सुधारणा चांगलीच आहे. पण ती राखते संख्येची मर्यादा, तात्पर्य नव्हे.

कसं ते सांगतो. सॉलिडिटीत अपूर्णांकांची सोय अजून अपुरी आहे. म्हणून पूर्णांकच घेऊन दशांशचिन्ह मनात ठरवून ठेवायचं : १ इथर म्हणजे १ वर १८ शून्यं इतके वेई. हे फिक्स्ड-पॉइंट गणित. त्यात भागाकाराची बाकी गळून पडते. ७ ला आधी २ ने भागा, मग २ ने गुणा : ६. आधी गुणा, मग भागा : ७. आधी गुणावं तर मर्यादेची भीती, आधी भागावं तर बाकी बुडते. आणि बाकी बुडताना तपासणी गप्प असते, कारण संख्या मर्यादेतच आहे. मग तो १ कुणाचा? ठेवीदाराचा की तिजोरीचा? हा प्रश्न गणिताचा नाही, न्यायाचा आहे. आणि तो बहुधा कुणालाही न विचारता एका ओळीत निकालात निघतो.

म्हणून माझा आग्रह एवढाच : कोडच्या आधी माणसांच्या भाषेत लिहा, की पाठवण्याने एकूण टोकन वाढणार नाहीत आणि बाकी अमक्याकडे जाईल. वाद झाला तर कायदा म्हणून ते वाक्य वाचायचं. कोड हा त्याचा अंमलदार.