मत आणि वाक्य : आगरकर व सावरकर यांच्या निबंधांतील वाचक

वैचारिक निबंधाच्या मराठी समीक्षेने एक सोय करून ठेवली आहे. निबंधातला 'विचार' समाजशास्त्राच्या हवाली करायचा आणि उरलेल्या 'शैली'ला ओजस्वी, उपहासगर्भ, तर्ककठोर अशी दोनचार विशेषणे लावून मोकळे व्हायचे. या वाटणीत वाचक कुठेच उरत नाही. वास्तविक धर्म, विज्ञान, यंत्र यांविषयीचे व्यक्तिगत मत लेखात उतरते तेव्हा ते वाचकाच्या असहमतीसाठी किती जागा राखते, हा त्या लेखाच्या रूपाचाच प्रश्न असतो. मतस्वातंत्र्य राज्यसंस्था देते किंवा नाकारते, हे खरेच. परंतु ते वाक्यांच्या घडणीतही असते किंवा नसते. गोपाळ गणेश आगरकर आणि वि. दा. सावरकर यांना 'बुद्धिवादी परंपरा' या एका शीर्षकाखाली बसवण्याचा आपला प्रघात हा भेद झाकून टाकतो.

'सुधारक' १८८८ मध्ये निघाला. आगरकरांची 'वाक्यमीमांसा' त्याच वर्षीची. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण वाक्याचे पृथक्करण करणारी दृष्टी त्यांच्या निबंधांतही काम करताना दिसते. 'देवतोत्पत्ति'त देवकल्पनेचा उगम मानवी भय, अज्ञान आणि कल्पनाशक्ती यांत शोधला आहे. येथे श्रद्धावंताची श्रद्धा नाकारण्यापूर्वी ती समजून घेण्याचा खटाटोप आहे, आणि प्रतिपक्षाचा आक्षेप मांडून मगच त्याचे खंडन करण्याची पद्धत आहे. 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार' या शीर्षकातील 'आमचे' हे सर्वनाम तर विशेष लक्षात घ्यावे असे आहे. ज्याच्यावर प्रहार करायचा त्या समूहात लेखक स्वतःला मोजतो; त्यामुळे उपहास करणारा आणि उपहसित यांच्यात भिंत उभी राहत नाही. अशा लेखकाची पुण्यातील सनातन्यांनी हयातीतच प्रेतयात्रा काढली, यातला उपरोध इतिहासाने लिहिलेला आहे. मताला मताने उत्तर न देता विधीने दिले गेले. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. राज्यसंस्थेच्या शिक्षेला निदान मुदत होती.

मात्र या 'आमचे'चा परीघ पुण्याच्या सुशिक्षित उच्चवर्णीयांपलीकडे फारसा जात नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्याआधीच, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' संवादरूपात लिहिली होती आणि प्रश्न विचारणाऱ्या धोंडिबाला थेट संहितेतच बसवले होते. वाचकाला जागा देण्याचा तो अधिक मूलगामी मार्ग होय. निबंधाच्या रूढ व्याख्येत संवाद बसत नसल्याने आपण त्याचा विचार या संदर्भात करत नाही, ही आपल्या व्याख्येची मर्यादा आहे.

सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध वेगळ्याच परिस्थितीत सिद्ध झाले. १९२४ ते १९३७ या काळात ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घेण्याची त्यांना मनाई होती. धर्म, जाती, यंत्र, विज्ञान यांविषयी मात्र लिहिता येत होते. म्हणजे परधार्जिण्या सत्तेविषयी मौन आणि देवाविषयी मोकळीक, अशी ही विलक्षण विभागणी होती. आगरकरांचा काळ याच्या अगदी उलट होता असे म्हणता येणार नाही, परंतु परवानगी आणि बंदी यांची रेषा इतकी ठळकपणे त्यांच्या लेखनाभोवती आखलेली नव्हती. शंकरराव किर्लोस्करांच्या ज्या मासिकातून यांतील अनेक निबंध आले, ते नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या पोटी १९२० मध्ये जन्मलेले. यंत्र हा तेथे केवळ चर्चेचा विषय नव्हता, तर त्या मासिकाच्या अस्तित्वाचे कारण होता. असे असता यंत्राची बाजू घेणाऱ्या गद्याला आपला वाचक जिंकावा लागत नाही, तो अर्धाअधिक जिंकलेलाच असतो.

'गोपालन हवे, गोपूजन नव्हे' हे शीर्षक म्हणजे निर्णय सुनावणारे एक पूर्ण वाक्य आहे. हवे-नव्हे या जोडीत 'कदाचित'ला वाव नाही. 'दोन शब्दांत दोन संस्कृती' या गाजलेल्या निबंधात 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त' आणि 'अद्ययावत' हे शब्द समोरासमोर उभे केले आहेत. मांडणी विलक्षण प्रभावी आहे, आणि ज्या वाचकवर्गासमोर ती केली गेली तो पाहता धाडसाचीही. परंतु ग्रंथप्रामाण्य हटवून त्या जागी काय आले? 'आजपर्यंतचे' हेच प्रमाण झाले. विज्ञान हे संशय घेण्याची रीत म्हणून कमी आणि बलिष्ठ राष्ट्रांच्या हातातले फळ म्हणून अधिक येते. प्रामाण्याची जागा बदलली, प्रामाण्याची वृत्ती मात्र बदललेली दिसत नाही. म्हणूनच येथला प्रश्नार्थक प्रयोग बहुधा उत्तर ठरवून विचारलेला असतो, आणि न पटणाऱ्या वाचकाला हास्यास्पद होण्याखेरीज दुसरी भूमिका उरत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. 'मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव' या निबंधात समोर कोणी भटभिक्षुक नाही; मनुष्याच्या सुखदुःखाविषयी उदासीन असलेले विश्व आहे. प्रतिपक्ष नाहीसा होताच वाक्ये संथ होतात, लेखक स्वतःच्या विधानाचे परिणाम तपासू लागतो. सावरकरांच्या वैचारिक गद्यातला हा श्रेष्ठ निबंध आहे, असे माझे मत आहे. त्याची कारणे विचारात नव्हेत, तर या बदललेल्या संबोधनात शोधावी लागतील.

अभ्यासक्रमासाठी केलेल्या वेच्यांमधून हे सारे निसटते. 'सुधारक'चा गोखल्यांनी सांभाळलेला इंग्रजी भाग, रत्नागिरीची बंदी, नांगराचा कारखाना यांपैकी काहीच वेच्यासोबत येत नाही आणि विद्यार्थ्याच्या हाती सुटे मत पडते. नरेंद्र दाभोलकरांच्या बाबतीत हे आताच घडू लागले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर त्यांचे लेखन त्या घटनेच्या उजेडातच वाचले जाणे स्वाभाविक होते. परंतु व्याख्यानांतून घडलेले त्यांचे गद्य श्रोत्यांचे आक्षेप सोबत घेऊन चालते, श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतील सीमारेषा पुन्हा पुन्हा आखून पाहते. ते फुल्यांच्या संवादाच्या जवळ जाते की आगरकरांच्या खंडनपद्धतीच्या, हे 'तिमिरातुनी तेजाकडे'ची वाक्ये हाती घेऊनच पाहावे लागेल.