एकव्यक्ती संशोधन अभिकल्प, समाजकार्यातील

एकाच व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या वर्तनाचे वारंवार मापन करून समाजकार्यकर्त्याच्या साहाय्याचा परिणाम पडताळण्याची पद्धती. साहाय्यापूर्वीच्या मोजणीस ‘आधाररेषा’ म्हणतात. तुलनेसाठी वेगळा गट लागत नाही; व्यक्तीची तुलना तिच्याच पूर्वस्थितीशी होते. बी. एफ्. स्किनर, मरी सिडमन प्रभृतींच्या वर्तनविश्लेषणातून ही पद्धती आली. व्यक्तिसाहाय्य कार्य परिणामकारक असल्याचा पुरावा आढळत नाही, असे जोएल फिशर यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत लिहिले आणि मोठा वाद उद्‌भवला. पुढे मार्टिन ब्लूम यांच्यासमवेत त्यांनीच १९८२ मध्ये या पद्धतीवर पाठ्यपुस्तक सिद्ध केले.

साहाय्य थांबविताच पूर्वीचे वर्तन परतले व पुन्हा देताच ओसरले, तर कार्यकारणभाव सबळ ठरतो. तर्कदृष्ट्या हे निर्दोष आहे. परंतु मुलास मारणे नुकतेच सोडलेल्या पित्याचे साहाय्य केवळ पुराव्यासाठी कोणता कार्यकर्ता काढून घेईल? शिवाय एकदा अंगवळणी पडलेले कौशल्य काढून घेताही येत नाही. निरनिराळ्या समस्यांवर वा व्यक्तींबाबत निरनिराळ्या वेळी साहाय्य सुरू करणारा बहुआधाररेषा अभिकल्प त्यामुळे अधिक ग्राह्य वाटतो. त्यातही कोणाला तरी सर्वांत शेवटी साहाय्य मिळते. मात्र जेथे कार्यकर्ते अपुरे असतात, तेथे ही प्रतीक्षा संशोधनाविनाही अटळच असते.