गुराखी चित्रकार चार्ल्स रसेल : कलावारशाचे जतन आणि त्याच्या मर्यादा

चित्रकाराच्या मृत्यूनंतर त्याची चित्रे कोठे जातात, हा प्रश्न कलासमीक्षेत बहुधा तळटीपेपुरताच येतो. अमेरिकेतील चार्ल्स मॅरियन रसेल (१८६४-१९२६) या चित्रकाराच्या बाबतीत मात्र तो त्याच्या कलेच्या आकलनाशीच निगडित आहे. रसेलच्या कलाकृती मोठ्या प्रमाणावर जतन झाल्या. परंतु ज्या व्यवहारातून त्या जन्मल्या, तो व्यवहार या जतनात पुरेसा टिकला नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सेंट लुइस येथील सुखवस्तू कुटुंबात जन्मलेला रसेल १८८० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मोंटानात आला. पुढे सुमारे अकरा वर्षे त्याने गुरांच्या कळपांवर काम केले. मराठीतील ‘गुराखी’ हा शब्द येथे काहीसा अपुरा पडतो. गावची गुरे सकाळी रानात नेऊन सांजेला परत आणणारा माणूस येथे अभिप्रेत नाही. कुंपण नसलेल्या माळरानावर मालकाचे मोठमोठे कळप घोड्यावरून राखणारा पगारी मजूर म्हणजे काऊबॉय. रसेलकडे प्रामुख्याने रात्रीची राखण असे. साहजिकच दिवसा रेखाटने करण्यास त्याला वेळ मिळे. कलाशाळेचे शिक्षण त्याला जवळजवळ नव्हतेच.

१८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात मोंटानातील गुरे मोठ्या संख्येने मेली. हेलेना शहरात राहणाऱ्या मालकाने कळपाची खबर विचारली, तेव्हा रसेलने पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर जलरंगात बर्फात उभी असलेली एक हाडकुळी गाय आणि टपून बसलेले लांडगे रंगवले. बर्फ वितळवणाऱ्या ‘चिनूक’ या उबदार वाऱ्याची ती वाट पाहत आहे, असे त्याचे शीर्षक. हे चित्र हेलेनात हातोहात फिरले आणि रसेलचे नाव झाले. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्याची कीर्ती ज्या कृतीपासून सुरू झाली, ती प्रदर्शनासाठी केलेली नव्हती. ती एका पत्राचे उत्तर होती.

पुढील आयुष्यातही रसेल मित्रांना सचित्र पत्रे लिहीत राहिला. व्याकरणाची फारशी पर्वा न करणारी, बोलीच्या उच्चारानुसार लिहिलेली त्यातील वाक्ये आणि त्यांच्या वर-खाली उमटलेली रंगीत चित्रे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. अनेक चित्रे त्याने भेट दिली किंवा अल्प किमतीत दिली. १८९६ मध्ये त्याचा विवाह नॅन्सी कूपरशी झाला आणि हा हिशेब बदलला. किमती ठरवणे, न्यूयॉर्क (१९११) व लंडन (१९१४) येथील प्रदर्शनांसाठी खटपट करणे ही कामे तिने अंगावर घेतली. नॅन्सीला व्यवहारी म्हणून कमी लेखण्याची प्रवृत्ती काही ठिकाणी आढळते. ती अन्यायकारक आहे. तिच्याशिवाय जतन करण्याजोगा वारसा इतक्या प्रमाणात उरलाच नसता. निवडक पत्रांचा ‘गुड मेडिसिन’ हा संग्रहही पतीच्या मृत्यूनंतर तिनेच प्रकाशात आणला.

ग्रेट फॉल्स येथील ‘मिंट’ या मद्यालयाच्या भिंतींवर रसेलच्या कलाकृतींचा मोठा संग्रह होता. मद्यालयाचा मालक त्याचा मित्र होता. हा संग्रह मोंटानातच राहावा म्हणून प्रयत्न झाले, पण पुरेसा निधी जमला नाही. १९५२ मध्ये टेक्सासमधील वृत्तपत्र-उद्योजक अमॉन कार्टर याने तो घेतला आणि १९६१ पासून तो फोर्ट वर्थ येथील संग्रहालयात आहे. तेथे त्याची निगा उत्तम राखली जाते, यात शंका नाही. तथापि, ज्यांनी त्या कळपांवर काम केले होते, तेच ग्राहक पेला हातात घेऊन चित्रातील खोगिराची चूक काढू शकत. तो प्रेक्षक संग्रहालयाला मिळणे शक्य नव्हते.

याउलट, ग्रेट फॉल्सचे रसेल संग्रहालय (१९५३) उभे राहिले ते जोसेफाइन ट्रिग या शेजारणीने मृत्युपत्राद्वारे शहराला दिलेल्या संग्रहावर. टेलिफोनच्या खांबांच्या लाकडातून १९०३ मध्ये बांधलेली रसेलची चित्रशाळा त्याच आवारात आहे. या संस्थेच्या मदतीसाठी १९६९ पासून लिलावाची प्रथा सुरू झाली. भेटीतून जन्मलेल्या संस्थेला बाजारावर विसंबावे लागणे हा विरोधाभास खरा, पण संस्था चालवणाऱ्यांना त्यात दोष देता येणार नाही. दोष समीक्षेचा आहे. २००५ मध्ये रसेलचे एक तैलचित्र ५६ लाख डॉलरला विकले गेल्यावर तैलचित्रांभोवतीचे वलय वाढले आणि पत्रे दुय्यम, गमतीचा ऐवज मानण्याची सवय अधिकच पक्की झाली. ब्रायन डिप्पी यांनी १९९३ मध्ये संपादित केलेला पत्रसंग्रह म्हणूनच मोलाचा ठरतो. त्यात पत्र हे चित्र म्हणून सुटे न काढता, कोणाला व कोणत्या प्रसंगी लिहिले यासह वाचले जाते. २००७ ची समग्र सूची कलाकृतींची अस्सलता ठरवण्यास उपयुक्त आहे. पण सूचीचे काम वस्तूपाशी थांबते, नात्यापाशी पोहोचत नाही.

रसेलची एक प्रमुख कृती मात्र कोठेच गेली नाही. १९१२ मध्ये हेलेनाच्या विधान भवनासाठी रंगवलेले हे भव्य चित्र प्रतिनिधिगृहात सभापतींच्या आसनामागे आहे. विषय १८०५ मधील लुइस व क्लार्क यांची सॅलिश जमातीशी झालेली भेट. राज्याला आपल्या गोऱ्या वाटाड्यांचा गौरव अपेक्षित असावा. रसेलने अग्रभाग दिला तो घोडे उधळत येणाऱ्या सॅलिश स्वारांना. लुइस आणि क्लार्क उजवीकडे, मागे, लहान आकारात उभे आहेत. गृहात बसणाऱ्या प्रत्येक सदस्याला आजही प्रथम ते स्वारच दिसतात.