शंभरावा प्रयोग कशाचा पुरावा?

मला नाटक आधी कळलं ते तिकीटखिडकीवर. वडिलांचं बोट धरून गिरगावात केळेवाडीतल्या साहित्य संघात जायचो, तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांसमोर प्लॅन पसरलेला असायचा. मोठ्या कागदावर खुर्च्यांचे चौकोन छापलेले; तिकीट गेलं की चौकोनावर निळ्या पेन्सिलीची फुली. वडील पैसे काढण्याआधी त्या कागदावर नजर टाकत. फुल्या दाट दिसल्या की म्हणत, "नाटक चांगलं असणार." विरळ दिसल्या तर कित्येकदा आम्ही तिकीट न काढताच मागे फिरत असू. हे गणित मी पुढे बरीच वर्षं खरं धरून चाललो.

आता प्लॅन मोबाइलवर उघडतो आणि पेन्सिलीच्या जागी रंगीत चौकोन आले आहेत. नजर मात्र तीच. वर्तमानपत्रातली नाटकांची जाहिरात वाचावी तर मराठी रंगभूमी जणू आकड्यांवरच उभी आहे: रौप्यमहोत्सवी, शंभरावा, त्रिशतकाकडे वाटचाल, 'शिवाजी मंदिर'ला हाउसफुल्ल. नाटक कसं आहे हे त्यावरून कळतं का? दादर, परळ, गिरगावात इतकी वर्षं नाटकं पाहून माझं मत असं झालं आहे की आकडा सहसा खोटा नसतो, पण आपण त्याला जो प्रश्न विचारतो त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

काही वर्षांपूर्वी मध्य मुंबईतल्या एका नाट्यगृहाबाहेर हाउसफुल्लची पाटी लागली होती. मला ओळखीने एक खुर्ची मिळाली. आत गेलो तर तिसरी घंटा झाली तरी निम्म्या रांगा रिकाम्या. एका मंडळाने इमारत निधीसाठी अख्खा प्रयोग विकत घेतला होता आणि कार्यकर्त्यांनी पावती फाडावी तशी तिकिटं घरोघरी दिली होती. घेणाऱ्यांनी देणगी दिली होती, नाटकाला येण्याचं कबूल केलं नव्हतं. पहिल्या हमखास हशाच्या जागी नट नेहमीच्या सवयीने थांबला. समोरून काहीच आलं नाही आणि त्याने पुढचं वाक्य घाईने उचललं. ती अर्ध्या सेकंदाची शांतता मी अजून विसरलेलो नाही. नाटकाच्या खात्यात तो प्रयोग मात्र पूर्णच्या पूर्ण जमा झाला. धंद्यात याला कॉन्ट्रॅक्ट शो म्हणतात. त्यात गैर काहीच नाही. नेपथ्याचा टेम्पो, दौऱ्याची बस, नटांची नाइट, हे सगळं अशाच प्रयोगांच्या जोरावर कित्येक निर्मात्यांनी भागवलं. फक्त तो प्रयोग नाटकाच्या बाजूची साक्ष म्हणून उभा करू नये, एवढंच माझं म्हणणं.

याची उलट बाजू परळच्या दामोदरमध्ये दिसायची. ना. म. जोशींनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली गिरणगावातल्या कामगारांसाठी हे नाट्यगृह उभं केलं. इथे नमन-खेळे आणि शक्ती-तुऱ्याचे सामने लागत. कोकणातल्या एखाद्या वाडीचं मुंबई मंडळ प्रयोग लावी. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असे, शाळेची खोली असे, कधी पाण्याची टाकी असे. तिकिटं लालबाग-परळच्या चाळींतून खोल्याखोल्यांत खपत. इथेही प्रयोग मंडळाचाच, कारणही निधीचंच, पण लोक येत. बायकामुलांसकट, डबे घेऊन येत. संकासुर रंगमंचावर आला की पोरं खुर्चीवर उभी राहत, गवळणीतल्या मावशीच्या उत्तराला बाल्कनीतून प्रत्युत्तर येई, ढोलकीवाल्याच्या हातात कोणीतरी उठून नोट ठेवी. इतकं जागं प्रेक्षागृह मी प्रतिष्ठित नाटकांना फार क्वचित पाहिलं. या हाउसफुल्लांची नोंद कुठेच नाही. वर्तमानपत्रांच्या नाटकाच्या पानावर त्यांना जागा नव्हती आणि आम्ही लिहिणाऱ्यांनी तिकडे पाय वळवले नाहीत. मराठी रंगभूमीच्या खपाचे आकडे सांगताना हा सगळा प्रेक्षक आपण वगळतो, आणि मग प्रेक्षक उरला नाही म्हणून हळहळतो. २०२३ साली दामोदर पुनर्बांधणीसाठी बंद झालं, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत लोककलावंत होते, हे ध्यानात ठेवायला हवं.

त्याच कोकणच्या मुलखातून आलेल्या एका नाटकाने आकड्याबद्दलचा माझा भ्रम कायमचा घालवला. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली आलं. विषयच मुळी गावातल्या हौशी नाटकाचा: तात्या सरपंचाच्या देखरेखीखाली द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रयोग बसवणारी, ऐनवेळी सगळं बिनसत जाणारी मंडळी. मालवणी बोली व्यावसायिक रंगमंचावर अशी ऐटीत कोणी आणली नव्हती. सुरुवातीला प्रेक्षक फिरकत नव्हते. नाटक उचलायची वेळ आली होती. मग पु. ल. देशपांड्यांनी प्रयोग पाहिला, मनमोकळी दाद दिली, ती दाद सगळीकडे पोहोचली आणि खिडकीवर रांग लागली. मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने पुढे या नाटकाला जिथे नेलं तो आकडा पाच हजारांच्या पलीकडचा आहे.

इथे जरा थांबायला हवं. रिकाम्या खुर्च्यांपुढे झालेलं 'वस्त्रहरण' आणि रांगा लावून पाहिलेलं 'वस्त्रहरण' या दोन वेगळ्या संहिता नव्हत्या. तेच नाटक, तेच नट, तीच बोली. बदललं काय? लोकांना त्याच्यापर्यंत आणणारं एक विश्वासाचं माणूस मिळालं. तो दिवस उगवण्याआधी निर्मात्याचे पैसे संपले असते तर 'वस्त्रहरण' पडलेल्या नाटकांच्या यादीत गेलं असतं आणि आपण शहाणपणाने म्हटलं असतं की मालवणीला मुंबईत प्रेक्षक नाही. अशी किती नाटकं पंधराव्या-विसाव्या प्रयोगाला उचलली गेली असतील याचा विचार मनात आला की मी अस्वस्थ होतो.

तेंडुलकरांच्या नाटकांचे आकडे तर थेट कायदा आणि रोष यांनी ठरवले. 'सखाराम बाइंडर' १९७२ साली आलं आणि तेरा प्रयोगांनंतर सेन्सॉरच्या कात्रीत अडकलं; कमलाकर सारंगांनी उच्च न्यायालयात जाऊन ते सोडवलं. त्याच वर्षी पुण्यात उभं राहिलेलं 'घाशीराम कोतवाल' ते करणाऱ्या संस्थेनेच एकोणीस प्रयोगांनंतर थांबवलं. त्यात काम करणाऱ्या मुलांना ते पुन्हा करण्यासाठी थिएटर अकॅडमी काढावी लागली, आणि १९८० साली तेच नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेलं. 'रंगायन'ने १९६७ साली केलेलं 'शांतता! कोर्ट चालू आहे' तर मर्यादित प्रेक्षकांसमोरच वाढलं, आणि तरी देशभरातल्या भाषांत पोहोचलं. तेरा आणि एकोणीस या आकड्यांवर निकाल दिला असता तर आपल्या रंगभूमीच्या इतिहासाचं काय झालं असतं?

त्याआधीची एक गोष्ट गिरगावकरांच्या आज्या-पणज्या सांगत. ८ जुलै १९२१ रोजी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले: 'संयुक्त मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी लावलेला खेळ, दर त्या काळाच्या मानाने चढे, आणि प्रेक्षागृह तुडुंब. खाडिलकरांचं 'मानापमान' तेव्हा दहा वर्षं जुनं होतं. त्या रात्री लोकांनी दोन गळे ऐकायला आणि टिळकांच्या नावाला पैसे मोजले. आणि पाहा, ज्या गंधर्व मंडळीला महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं तीच कंपनी कर्जात बुडालेली होती. म्हणजे भरलेली खुर्ची दर्जाची तर नाहीच, कधी कधी नफ्याचीसुद्धा खूण नसते.

हा प्रश्न एकट्या नाटकाचा नाही. माझा भाचा दादरला राहतो आणि रात्र रात्र व्हिडिओ गेम खेळतो. त्यातही आवड रोल-प्लेइंग गेमची, म्हणजे एखादं पात्र होऊन त्याच्या वतीने निर्णय घेत कथा पुढे न्यायची. जुन्या नाटकवाल्यांनी प्रयोगाला 'खेळ' म्हटलं, तेव्हा मला हा शौक परका वाटत नाही. त्याने मला १९९९ सालच्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'बद्दल सांगितलं: त्याच घराण्यातल्या 'बाल्डर्स गेट'च्या मानाने विक्री बेताची, पण लेखनाचा विषय निघाला की जाणकार आजही पहिलं नाव तेच घेतात. आणि २०२३ साली आलेला 'बाल्डर्स गेट ३' प्रचंड खपला आणि वर्षाचे मोठे पुरस्कारही त्यानेच नेले. मी त्याला विचारलं, मग खपावरून काय समजायचं? तो म्हणाला, "मामा, खप बघून गेम घेतो. पण खेळून झाल्यावर खप आठवत नाही." नाटकाबद्दल याहून नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही.

तरीही आकड्याला नाक मुरडणारी जी एक जात आपल्याकडे आहे, तिच्याशी माझं मुळीच जमत नाही. छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जी प्रायोगिक नाटकं झाली त्यांचा मला अभिमान आहे; पण चार डझन प्रेक्षक आले म्हणजे नाटक थोर, ही समजूत त्या चळवळीच्या नावावर खपवू नये. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० साली आलं, डॉ. लागूंनी बेलवलकर उभा केला, आणि लोकांनी तो घरातल्या म्हाताऱ्यासारखा आपला मानला. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ पासून पणशीकरांनी फिरत्या रंगमंचासह गावोगाव नेलं. ही नाटकं चालली, आणि चालायलाच हवी होती.

प्रयोगांची संख्या नाटकाला एक मोठी गोष्ट मिळवून देते, ती म्हणजे वेळ. नाटक तालमीत बसतं, पण पिकतं प्रेक्षकांसमोर. दुसऱ्या अंकातला जो विराम पाचव्या प्रयोगाला लांबलेला वाटतो तोच पन्नासाव्याला नेमका बसतो, कारण नटाला आता समोरचा श्वास ऐकू येतो. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' एकांकिकेतून वाढलं, २०१७ साली 'भद्रकाली' या नाट्यसंस्थेने व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. दोन बायका, आवलीच्या पायात रुतलेला काटा, ती जखम भरेपर्यंत तिची काळजी घ्यायला लखुबाई होऊन आलेली रखुमाई. ना कोणी मालिकेतला तारा, ना विनोदाची हमी. मी ते सुरुवातीला पाहिलं आणि बऱ्याच प्रयोगांनंतर पुन्हा पाहिलं. पहिल्यांदा मी गाण्यांनी भारावलो होतो. दुसऱ्यांदा गाणी आणि बोलणं यांतली शिवणच दिसेना. आवली ओवी म्हणतेय की नवऱ्यावर चिडलीय, हे वेगळं काढता येईना. २०२० चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार या संहितेला मिळाला आणि पाचशे प्रयोगही झाले. इथे आकडा आणि दर्जा एकाच वाटेने चालले, आणि दर्जा आकड्यामुळे वाढला असं मी खात्रीने म्हणेन. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी षण्मुखानंदला प्रशांत दामले यांनी साडेबारा हजारावा प्रयोग केला. त्या संख्येत मला सर्वांत मोठी दिसते ती शिस्त: घंटा वेळेवर होणार आणि प्रेक्षकाचा वेळ वाया जाणार नाही, हा भरवसा. त्याने घरी बसलेला माणूस नाट्यगृहात आला. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आजची अवस्था मात्र काळजीची आहे. प्रयोग शनिवार-रविवारात कोंबले गेले आहेत, कारण नट आठवडाभर मालिकेच्या सेटवर असतो आणि प्रेक्षक ऑफिसात. दादरच्या चांगल्या तारखा मोजक्या, त्यावर चालत्या नाटकांचा हक्क आधी. नव्या नाटकाला उरते ती आडवारची दुपार. पुढच्या रांगेचं तिकीट पाचशेच्या घरात गेलं. चौघांचं कुटुंब येणार तर खात्रीचं नाव बघूनच येणार. मग निर्माताही खात्रीचं नाव घेतो, खात्रीचा विनोद घेतो, किंवा गाजलेलं जुनं नाटक पुन्हा काढतो. जुनं काढण्यात वाईट काही नाही. चंद्रकांत कुलकर्णींनी २०१४ साली एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' पुन्हा उभं केलं, ते १९८५ च्या नाटकाची आठवण म्हणून नव्हे, आजचं नाटक म्हणून चाललं. पण जयंत पवारांच्या 'अधांतर'सारखं नाटक आज कोण लावेल? गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या चाळीतलं एक घर कसं मोडत गेलं हे त्या नाटकाने १९९७ साली सांगितलं, त्याच वस्तीतल्या माणसाच्या भाषेत. आज त्या चाळींच्या जागी टॉवर आहेत. त्या टॉवरातल्या, आणि चाळींतून अंबरनाथ-विरारला फेकल्या गेलेल्या माणसांचं नाटक लिहिणारी मुलं एकांकिका स्पर्धांतून दरवर्षी मला दिसतात. त्यांचं दोन अंकी नाटक रंगमंचावर येतं तेव्हा त्याला दहा प्रयोगांचाही धीर मिळत नाही. राज्य सरकार नव्या व्यावसायिक नाटकांना परीक्षण समितीकडून दर्जा ठरवून प्रयोगांच्या हिशोबाने अनुदान देतं, पण त्यासाठी आधी प्रयोग व्हावे लागतात, आणि प्रयोगांसाठी तारीख लागते.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका नव्या नाटकाच्या सातव्या प्रयोगाला मी होतो. मागे वळून मोजलं, आम्ही एकतीस जण. पहिला अंक अडखळला. दुसऱ्यात एक मुलगी जुन्या खोलीची किल्ली आईच्या हातात ठेवते आणि खोली तर पाडलेली असते; आई ती किल्ली पदराच्या टोकाला बांधते आणि कामाला लागते. एकतीस माणसं गप्प झाली होती. बाहेर आल्यावर कोणी लगेच स्टेशनकडे वळलं नाही. पुढच्या महिन्याच्या जाहिरातीत ते नाटक नव्हतं.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे. वर्षातून दोनदा तरी ज्या नाटकाचा पंचविसावा प्रयोग अजून झालेला नाही अशा नाटकाचं तिकीट काढा, पास मागू नका. प्लॅनवर फुल्या विरळ असतील. पुढची खुर्ची सहज मिळेल.