भिंतीचा आधार

पडद्यावरील खेळ हा परीक्षणाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांना येईल. परंतु ज्या कृतीत रचना आहे, शिस्त आहे आणि एका वीराची कथा सांगण्याची हौस आहे, तिची पारख करण्यास प्रत्यवाय नसावा. ‘सनसॉफ्ट’ या जपानी कंपनीने १९८९ च्या अखेरीस निन्टेन्डोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’साठी काढलेला ‘बॅटमॅन’ हा व्हिडिओ गेम अशा पारखीस पात्र आहे. टिम बर्टन यांच्या त्याच वर्षीच्या चित्रपटावर तो आधारलेला असून १९९० मध्ये तो अमेरिकेत गेला.

बॉब केन व बिल फिंगर यांनी १९३९ साली चित्रकथेत निर्माण केलेला हा वीर अलौकिक नव्हे. त्याला उडता येत नाही; अभ्यासाने कमावलेले शरीर आणि बुद्धी एवढेच त्याचे भांडवल. खेळाच्या कर्त्यांनी नेमके हेच मर्म हेरले आहे. वीराने उडी घ्यावी, भिंतीस स्पर्श होताच उडीचे बटन पुन्हा दाबावे, म्हणजे तो भिंतीस रेटा देऊन उलट दिशेला झेपावतो. समोरासमोर दोन भिंती असल्या की याच रीतीने तो पायरी पायरीने वर चढतो. जी भिंत वाट अडविते तीच आधार होते! या एका कल्पनेवर सबंध खेळ उभा आहे.

नवख्या खेळाडूची चूक बहुधा घाईची असते. भिंतीला भिडण्यापूर्वीच बटन दाबले तर काहीच घडत नाही आणि वीर खाली येतो. म्हणून स्पर्शाची वाट पाहावी आणि बोटांना ताल लागू द्यावा. शस्त्रांविषयीही हाच विवेक हवा. फेकून परत येणारे बॅटरँग, भाल्यासारखा बाण सोडणारी बंदूक आणि तीन दिशांना फुटणारे पाते ही तिन्ही शस्त्रे दारूगोळ्याच्या एकाच साठ्यावर चालतात. मुठीच्या प्रहाराला मात्र काहीच खर्च नाही. तेव्हा जवळच्या शत्रूला मूठ आणि दूरच्याला शस्त्र, हा नियम पाळणाराच प्रत्येक टप्प्याच्या अखेरच्या प्रतिस्पर्ध्यासमोर सज्ज असतो. एकंदर टप्पे पाच. शेवटच्या टप्प्यात कॅथेड्रलच्या मनोऱ्यात फिरणाऱ्या दातेरी चाकांमधून वर जावे लागते. तेथे पूर्वी शिकलेल्या साऱ्या विद्येची परीक्षा होते. ही परीक्षा कठोर खरी, पण अन्यायाची नव्हे. कारण पराभवानंतर पुन्हा आरंभ करण्यास मर्यादा नाही आणि शत्रूंच्या चाली निरीक्षणाने उमगतात. नाओकी कोडाका यांचे वेगवान संगीत खेळणाऱ्याचा हुरूप टिकविते. मोजक्या रंगांत रेखाटलेला जांभळा बॅटमॅन आणि काळोखे गॉथम शहर आजही डोळ्यांस खटकत नाहीत.

आमची तक्रार आहे ती शेवटाविषयी. मनोऱ्याच्या माथ्यावर जोकर पराभूत होतो आणि माता-पित्यांच्या हत्येचा सूड म्हणून बॅटमॅन त्याला स्वतःच्या हातांनी खाली फेकून देतो. आपण कोणाचा प्राण घेणार नाही, हे व्रत चित्रकथांनी पुढे या वीराच्या स्वभावात दृढ केले. त्याची येथे दखल नाही. चित्रपटातही जोकर कोसळून मरतो, पण त्याच्या पायाला बांधलेल्या दगडी मूर्तीच्या भाराने. खेळाने एक पाऊल पुढे टाकले, आणि ते चुकीच्या दिशेला. जो खेळ तासन् तास संयम शिकवितो, प्रत्येक बटन विचाराने दाबावयास लावतो, त्यानेच अखेरीस वीराला संयम सोडावयास लावावा, हा रचनेतील खरा दोष होय. तो तंत्राचा नाही, म्हणूनच अधिक बोचतो.

एवढे असूनही हा खेळ जरूर खेळावा. त्याचे सार त्या शेवटच्या चित्रात नसून त्यापूर्वीच्या चढणीत आहे. आणि ती चढण खेळाडूने स्वतःच्या बोटांनी कमावलेली असते.