‘मते खाणारा’ कोण? : अपक्ष उमेदवार आणि मतविभाजनाच्या भाषेची चिकित्सा

गुजरात विधानसभेच्या २०२२ च्या निवडणुकीत सुरतेच्या लिंबायत मतदारसंघात ४४ उमेदवार उभे होते. त्या वेळी संपूर्ण राज्यात एवढे उमेदवार अन्य कोठेही नव्हते. त्यांपैकी तीसहून अधिक नावे मुस्लिम होती आणि त्यांतील बहुतेक अपक्षांची. प्रमुख तीन पक्षांचे उमेदवार मात्र खानदेशी वळणाच्या मराठी आडनावांचे होते : भाजपच्या संगीता पाटील, काँग्रेसचे गोपाळ पाटील आणि आम आदमी पक्षाचे पंकज तायडे. त्या दिवसांत कडोदरा चार रस्त्यावरील चहाच्या टपरीपासून आमच्या स्टाफरूमपर्यंत एकच वाक्य ऐकू येत होते : ‘हे सगळे मते खायला उभे केलेले आहेत.’ निकाल लागला. संगीता पाटील यांना निम्म्याहून अधिक मते मिळाली आणि पन्नास हजारांहून अधिक मताधिक्याने त्या निवडून आल्या. म्हणजे उरलेल्या ४३ जणांची सगळी मते एकाच पारड्यात टाकली असती तरी पारडे फिरले नसते. निकालानंतर मात्र टपरीवरचे वाक्य बदलले नाही आणि स्टाफरूममधलेही बदलले नाही.

प्रस्तुत लेख त्या वाक्याविषयी आहे. मी राज्यशास्त्राचा अभ्यासक नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. परंतु निवडणुकीच्या काळात आपण जे शब्द सहजपणे वापरतो ते तपासून पाहणे हे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे, असे मला वाटते. विशेषतः आपल्या समाजात या शब्दांच्या आधारे शेजाऱ्याला ‘दलाल’ ठरवले जाते, तेव्हा तर ते अधिकच निकडीचे ठरते.

मराठीत ‘मतविभाजन’ किंवा ‘मतांची फाटाफूट’ म्हणतात, हिंदीत ‘वोट कटवा’ म्हणतात, उर्दू वृत्तपत्रे ‘वोटों का इंतिशार’ लिहितात. ‘इंतिशार’चा अर्थ नुसते विखुरणे एवढाच नाही, त्यात गोंधळाची आणि बेशिस्तीची छटा आहे. म्हणजे ज्याने वेगळे मत दिले त्याने केवळ वेगळे मत दिले नाही, तर जमातीची शिस्त मोडली. मराठीतला ‘विभाजन’ हा शब्द दिसायला तटस्थ आहे, परंतु त्याच्या पोटातही एक गृहीत दडलेले आहे. विभाजन होण्यासाठी आधी एक अखंड वस्तू असावी लागते. ती कोणाच्या मालकीची? वडिलोपार्जित जमिनीची वाटणी होते, कारण जमीन वडिलांची असते. ‘मत’ या शब्दाचा मूळ अर्थ तर अभिप्राय असा आहे. माझा अभिप्राय अन्य कोणाच्या अभिप्रायातून कापून काढलेला तुकडा कसा असेल?

‘अपक्ष’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ज्याच्यापाशी पक्ष नाही तो अपक्ष, ही उणिवेवरून केलेली ओळख आहे. उर्दूत त्याच माणसाला ‘आझाद उमीदवार’ म्हणतात. ‘उमेदवार’ हा आपला मराठी शब्द त्याच फारसी उमेदीतून आला आहे. एका भाषेत उणीव आणि दुसरीत स्वातंत्र्य, माणूस मात्र तोच. अर्थात नावात ‘आझाद’ असल्याने कोणी स्वतंत्र होत नाही. पैसे देऊन उभे केलेले उमेदवार असतात, आणि ते सर्वांना ठाऊक आहे. माझा आक्षेप एवढाच की, हा आरोप प्रत्येक वेळी पुराव्याविना केला जातो आणि तो ठराविक लोकांवरच केला जातो.

मग मतविभाजन खरोखर झाले हे ठरवायचे कसे? माझ्या समजुतीप्रमाणे दोन अटी आहेत. विजयाचे अंतर त्या तिसऱ्या उमेदवाराच्या मतांपेक्षा कमी असावे, ही पहिली. तो उभा नसता तर त्याची पुरेशी मते पराभूत उमेदवाराकडेच गेली असती, ही दुसरी. पहिली अट निकालपत्रकात दिसते. दुसरी कोठेही दिसत नाही, कारण आपले मतदान यंत्र दुसरी पसंती विचारत नाही. येथे एक साधा हिशेब करता येतो. त्या उमेदवाराच्या मतांपैकी किती हिस्सा पराभूताकडे वळला असता तर निकाल फिरला असता, हे काढावे आणि बाकीचे मतदार घरी बसले असते असे धरावे. हा हिस्सा जितका लहान, तितका आरोप बळकट.

रायगड लोकसभा मतदारसंघात २०१४ मध्ये शिवसेनेचे अनंत गीते यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच यंत्रावर सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्षही होता आणि त्याला ९,८४९ मते पडली. त्यांच्यातील पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक मते पक्षाच्या तटकरेंकडे गेली असती तरी निकाल उलटला असता. नाव सारखे नसते तर त्या अपक्षाला एवढी मते पडली असती असे कोणी म्हणणार नाही. आरोप येथे टिकतो. परंतु याला मतविभाजन म्हणणे मला पटत नाही. मतदाराची पसंती दोघांत विभागली गेलेलीच नव्हती. ती एकच होती, बोट दुसऱ्या बटणावर गेले. ही वाचनातली चूक आहे, आणि ती मतदाराकडून करवून घेतलेली आहे. मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र आले ते अशाच प्रकारांना आळा घालण्यासाठी.

छायाचित्र आले तरी चिन्हाचा प्रश्न राहिलाच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शरद पवार यांच्या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ असे होते. आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत पाश्चात्त्य बँडमधले ट्रम्पेट होते आणि मराठीत त्याचेही नाव ‘तुतारी’ असेच छापले गेले. भाषांतराच्या पेपरात विद्यार्थ्याने असे केले असते तर आपण गुण कापले असते. दिंडोरीत त्या पक्षाचे उमेदवार भास्कर भगरे हे शिक्षक. त्यांच्याविरुद्ध बाबू भगरे हे अपक्ष होते, चिन्ह ट्रम्पेट. त्यांना १,०३,६३२ मते मिळाली. तरीही भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी निवडून आले. साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि तेथील ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७,०६२ मते होती. पराभव ट्रम्पेटमुळे झाला, असे लगेच म्हटले गेले. हिशेब केला तर त्या अपक्षाच्या मतांपैकी सुमारे ८८ टक्के मते चुकून पडलेली असावी लागतात. अशक्य नाही, परंतु रायगडइतके निर्विवादही नाही. दोन्ही प्रसंगांना आपण एकाच शब्दाने संबोधतो, ही माझी तक्रार आहे.

आता आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण घेऊ. औरंगाबाद मतदारसंघात २०१९ मध्ये इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मते मिळाली, शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५०. अंतर ४,४९२. शिवसेना सोडून अपक्ष उभे राहिलेले हर्षवर्धन जाधव यांनी २,८३,७९८ मते घेतली. त्यांच्या मतांपैकी दोन टक्केही खैरे यांच्याकडे वळली असती तर निकाल वेगळा लागला असता. बॅ. अंतुले २००४ मध्ये निवडून आले होते. त्यानंतर महाराष्ट्रातून लोकसभेत जाणारे जलील हे पहिले मुस्लिम खासदार. ४८ जागांच्या राज्यात पंधरा वर्षांनी आलेला हा प्रसंग होता. (गुजरातचे तर बोलायलाच नको. १९८४ मध्ये भरूचहून अहमद पटेल निवडून आले, त्यानंतर येथून कोणीही नाही.) मला आठवते, त्या विजयाला आपल्याकडे ‘इत्तिहाद’चे फळ म्हटले गेले आणि पलीकडे ‘मतविभाजनाचा फटका’. निकालपत्रक एकच होते. दलित आणि मुस्लिम मतदारांनी एकजूट दाखवली हे खरेच, परंतु जाधव नसते तर ती एकजूट कमी पडली असती हेही तितकेच खरे, आणि हे आपण आपल्या सभांमधून सांगितले नाही.

२०२४ मध्ये जलील पराभूत झाले. संदिपान भुमरे यांना ४,७६,१३०, जलील यांना ३,४१,४८० आणि खैरे यांना २,९३,४५० मते होती. वंचित बहुजन आघाडीचे अफसर खान यांनी ६९,२६६ मते घेतली. लगेच माझ्या परिचयाच्या सुशिक्षित मंडळींत सूर उमटला की, अफसर खान यांनी घात केला. जलील १,३४,६५० मतांनी मागे होते. अफसर खान यांची सर्व मते आणि पुन्हा अपक्ष उभ्या राहिलेल्या जाधवांची ३९,८२८ मते, अशी दोन्ही जमेस धरली तरी खड्डा भरत नाही. खैरे यांच्याकडे अफसर खान यांच्या चौपटीहून अधिक मते होती, परंतु खैरेंनी जलील यांची मते खाल्ली असे कोणी म्हटले नाही. का नाही, याचे उत्तर आकड्यांत सापडणार नाही. मुस्लिम मतदाराचे मत आधीच कोणाच्या तरी नावावर नोंदलेले आहे, असे आपणच धरून चाललो आहोत.

सांगलीत २०२४ मध्ये या शब्दाची पुरती फजिती झाली. महाविकास आघाडीने जागा शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाला दिली आणि चंद्रहार पाटील अधिकृत उमेदवार झाले. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. अशा वेळी बंडखोरामुळे मते फुटणार, ही भीती ठरलेलीच असते. विशाल पाटील ५,७१,६६६ मते घेऊन १,००,०५३ मतांनी जिंकले आणि चंद्रहार पाटील ६०,८६० मतांवर थांबले. वैध मतांचा सहावा हिस्सा न मिळाल्यास अनामत जाते, त्यानुसार त्यांची अनामतही गेली. मते कोण खात होते, अपक्ष की अधिकृत? हे ठरले ४ जूनला, मतमोजणीच्या दिवशी. आरोप मात्र नेहमी मतमोजणीच्या आधी होतो. अर्थात सांगली हा अपवाद आहे, हेही नमूद केले पाहिजे. त्या निवडणुकीत देशभर ३,९०० हून अधिक अपक्ष उभे होते आणि ७ निवडून आले.

जिंकण्यासाठी नव्हे, तर म्हणणे नोंदवण्यासाठीही माणसे उभी राहतात. बेळगावच्या मराठी भाषकांनी १९९६ मध्ये सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी लोकसभेला उमेदवारांची रांग लावली. त्या एका मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. त्या वर्षी देशभर १३,९५२ उमेदवार झाले. मग कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली, अपक्षाला दहा सूचक सक्तीचे झाले, आणि १९९८ मध्ये एकूण उमेदवार ४,७५० वर आले. आज अनामत २५,००० आहे. खोटे उमेदवार उभे करणाऱ्या धनिकाला ही रक्कम अडचणीची नाही. अडचण होते ती पॉवरलूमवर काम करणाऱ्याला, ज्याला एकदा काही सांगायचे असते.

महाराष्ट्रातील माध्यमिक आणि त्यावरील स्तराच्या अध्यापकांना या दुखण्याचा एक उपाय स्वानुभवाने ठाऊक आहे. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात आपण १, २, ३ असे पसंतिक्रम लिहितो. पहिली पसंती मागे पडली की मत दुसऱ्याकडे जाते, वाया जात नाही. तेथे ‘मते खाणारा’ हा शब्द निम्मा तरी निकामी होतो. लोकसभेला ही पद्धत नाही, आणि नजीकच्या काळात येईल असे दिसत नाही. परंतु वर्गात चार काल्पनिक नावे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांकडून दोन्ही पद्धतींनी मतदान करून घेणे अवघड नाही. मी एकदा करून पाहिले. तीस मुलांच्या वर्गात दोन पद्धतींनी दोन वेगळे विजेते आले आणि तासाची घंटा होऊन गेली तरी भांडण मिटले नाही.

शेवटी सुरतेकडे वळतो. २०२४ च्या लोकसभेला सुरत मतदारसंघातील काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांचा अर्ज सूचकांच्या सह्यांच्या वादावरून २१ एप्रिलला बाद झाला. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्जही टिकला नाही. दुसऱ्या दिवशी, माघारीच्या मुदतीत, बहुजन समाज पक्षाच्या उमेदवारासह छोट्या पक्षांचे आणि अपक्ष असे उरलेले आठही जण मैदानातून बाहेर पडले. जागा एक आणि उमेदवारही एकच उरला, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निवडणूक अधिकारी त्याला तेथेच निवडून आल्याचे घोषित करतो. भाजपचे मुकेश दलाल असे बिनविरोध खासदार झाले. ‘नोटा’चे बटणही कोणाला दाबता आले नाही, कारण यंत्रच लागले नाही. आठांपैकी एकानेही अर्ज ठेवला असता, अगदी ज्याला शंभर मते पडली असती अशा एखाद्याने, तर सतरा लाखांहून अधिक मतदारांना मतदान केंद्रावर जाता आले असते. त्याला आपण मते खाणाराच म्हटले असते.

कडोदरा सुरत मतदारसंघात येत नाही. आमचा मतदारसंघ बारडोली, त्यामुळे ७ मे रोजी आम्ही मतदान केले. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या कामासाठी मुले आली तेव्हा नव्याने मतदार झालेली काही जण एकमेकांना बोटावरची शाई दाखवत होती. रांदेरहून येणारा एक विद्यार्थीही त्यांच्यात होता. त्याचे कार्ड तीन महिन्यांपूर्वीच आले होते, पाकिटात जपून ठेवलेले. त्याने ते काढून मला दाखवले आणि विचारले, ‘सर, आमच्याकडे मते कोणी खाल्ली?’