पत्र्याची मागची बाजू

चांगल्या डेंटिंगचं रसग्रहण करायचं तर सुरुवातीलाच पंचाईत होते. काम जितकं उत्तम, तितकं बघायला कमी. कवितेची ओळ दाखवता येते, गाण्यातली जागा दाखवता येते. इथे कारागिराची सगळी करामत रंगाखाली गडप झालेली असते. म्हणून जुन्या मोटारीची दुरुस्ती वाचायची तर पत्रा मागून बघावा.

उदाहरणाला डुक्कर फियाट घेऊ. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सने पन्नासच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर काढलेली ही गुबगुबीत फियाट ११००. पुढची दारं उलटी उघडणारी, मागची मडगार्डं फुगीर. सांगाडा आणि बॉडी एकजीव, त्यामुळे मागचं मडगार्ड बोल्ट सोडून टेबलावर घेता येत नाही. डिकीतून हात घालून, मान वाकडी करून, जागच्या जागीच ठोकावं लागतं. आता या मडगार्डाला पुण्यातल्या नाना पेठेच्या गर्दीत मागून एक टेम्पो लागला आहे असं धरा.

नवशिका डेंटर काय करेल? पोच्याचा सगळ्यात खोल भाग शोधेल आणि आतून तिथेच घाव घालेल. पोचा वर येतो, पण पत्रा बिघडतो. कारण खोल दिसतो तो भाग बहुतेक वेळा फारसा जखमी नसतोच. तो नुसता ओढला गेलेला असतो. खरी इजा असते कडेच्या वळ्यांत. पत्रा जिथे दुमडतो तिथे तो कडक होतो, आणि त्या कडक वळ्या मधल्या मऊ पत्र्याला खाली धरून ठेवतात. जाणता मिस्त्री म्हणून धडक उलट क्रमाने सोडवतो: सगळ्यात शेवटी पडलेली, सगळ्यात बाहेरची वळी आधी, टेम्पोचा प्रत्यक्ष मार बसलेली जागा सगळ्यात शेवटी. बाहेरची वळी मोकळी झाली की मधला बराचसा पत्रा आपसूक जागेवर येतो. अपघाताचा सगळा घटनाक्रम त्या वळ्यांत लिहिलेला असतो, आणि मिस्त्री तो शेवटाकडून वाचत येतो. मला या कामातला सगळ्यात बुद्धिमान भाग हाच वाटतो. हातोडी त्यानंतर.

हातोडीचंही बघण्यासारखं आहे. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पत्र्याच्या मागे धरलेली डॉली, म्हणजे मुठीत मावणारा गुळगुळीत लोखंडी ठोकळा. डॉली बरोबर हातोडीखाली असेल तर पत्रा दोघांत चेपला जातो, सपाट होतो, पण थोडा ताणलाही जातो. डॉली किंचित बाजूला, खोलगट भागाखाली दाबून धरली आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर मारली, तर उंचवटा खाली बसतो आणि खोलगट भाग वर येतो, ताण जवळजवळ न देता. दोन्ही घाव बघणाऱ्याला सारखेच दिसतात. कानाला मात्र फरक कळतो: पहिला खणखणीत, दुसरा बसका. गॅरेजबाहेर उभं राहूनही मिस्त्री कुठला घाव घालतोय ते ओळखता येतं.

ताण जास्त झाला की पत्र्याचं क्षेत्रफळ वाढतं. वाढलेल्या पत्र्याला बसायला जागा नसते, म्हणून तो फुगतो आणि दाबला की टक् करून आत जातो. त्याला परत आखडायचं कसं? गॅसच्या ज्योतीने नाण्याएवढा ठिपका लाल करायचा. तो पसरू बघतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जाडीत वाढतो. वर चार हलके ठोके, मग ओलं फडकं. निवताना ठिपका आक्रसतो आणि सैल पत्रा ओढून घेतो. जेमतेम १ मिलिमीटरच्या पत्र्यावर हे करायचं असतं. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तर भोक.

मग कानस. ती इथे घासण्यासाठी कमी, वाचण्यासाठी जास्त. अलगद फिरवली की उंच ठिपके चमकतात, खोल राहिलेले काळेच दिसतात. काळे तेवढे आतून उचलायचे. शेवटी डोळा बाजूला ठेवून तळहात, तोही फडक्यावरून, लांबच लांब फिरवत.

याच शहरात, कसबा पेठेतल्या तांबट आळीत, ठोकण्याचं नेमकं उलटं शास्त्र नांदतं. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. त्यांच्या बंबावर, घंगाळावर मठारकामाचे गोल ठसे ओळीने उमटलेले असतात. ते निव्वळ नक्षी म्हणून नसतात. घावागणिक तांबं कडक होतं, पातळ पत्र्याचं भांडं दणकट होतं. म्हणजे पत्र्याचं कडक होणं तांबटाला हवं असतं आणि डेंटरला छळतं. तांबटाचा घाव सही करतो, डेंटरचा घाव सही पुसतो. मला वैयक्तिक आवड विचाराल तर मठारकाम आधी डोळ्यात भरतं, पण डेंटिंगबद्दलचा आदर जास्त टिकतो.

आणि मग लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायची पुट्टी. तिची निंदा करायची फॅशन आहे, ती अर्धीच खरी. जुन्या काळी अनेक कारखान्यांतच मोटारींच्या जोडांवर शिसं-कथील भरत. कथील आधी चढवायचं तंत्र तर आपल्या कल्हईवाल्याच्या घरचंच. (शिशाची भुकटी फुफ्फुसात जाते, हे त्या सुवर्णकाळाची आठवण काढणारे सांगत नाहीत.) पातळ हाताने, दोन-तीन मिलिमीटरच्या आत लावलेली लांबी हा गुन्हा नाही. पोचा तसाच ठेवून त्यात ओतलेली लांबी मात्र लबाडी. पुण्याच्या चार पावसाळ्यांत ती कडेने सुटते आणि मागे गंज धरतो.

जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक दिला. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, बॉडीत मोठे फेरफार नसावेत. त्यामुळे मूळ पत्रा वाचवू शकणाऱ्या हाताची किंमत वाढायला हवी.

जुन्या गाड्यांच्या एखाद्या प्रदर्शनात डुक्कर फियाट दिसली तर रंगाच्या झळाळीवर फार वेळ घालवू नका. मालक भला असेल तर डिकी उघडायला सांगा आणि मडगार्डाच्या आतल्या बाजूला बॅटरी मारा. बारीक, दाट, एकमेकांवर चढलेले ठसे दिसले तर मिस्त्रीने पत्रा उचलला आहे. आत पोचा जसाच्या तसा आणि बाहेर मडगार्ड गुळगुळीत, तर रंगाखाली काय आहे ते समजून घ्या, मालकाला मात्र सांगू नका.